माणूस नोकरी सोडून गिऱ्हाईकं घेऊन चाललाय? इंग्लंडात करारातली बंधनं प्रत्यक्षात कशी लावायची

इंग्लंडात आपल्या बऱ्याच मराठी लोकांचे आता स्वतःचे छोटे धंदे आहेत, कुणाची आयटी कन्सल्टन्सी, कुणाची अकाउंटन्सी प्रॅक्टिस, कुणाची केअर होमला स्टाफ पुरवणारी एजन्सी, आणि यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी तो फोन येतो की अहो तुमचा तो माणूस आता दुसऱ्या कंपनीतून बोलतोय आणि रेट कमी देतोय, काय करू? मी वकील नाही, छोट्या कंपन्यांचं एचआर बघत आलोय, पण हा फोन आल्यावर पुढचे पंधरा दिवस कसे जातात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. शेवटी सॉलिसिटर लागणारच, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असायला हवं हे आपल्यालाच माहीत पाहिजे. आणि हे फक्त इंग्लंड-वेल्सबद्दल आहे, स्कॉटलंडचा कायदा आणि कोर्टं वेगळी.

आधी एक गैरसमज. भारतातून आलेले मालक म्हणतात, सोडा हो, नोकरी सुटल्यावर स्पर्धा करायची नाही असलं करारातलं बंधन कोर्टात टिकत नाही. त्यांचं चूक नाही, कारण तिकडे १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम २७ आहे, धंद्याला आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दच. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचीच केस बघा, त्याच्या प्रमोशनचं काम बघणाऱ्या कंपनीचा करार संपल्यावरही पुढच्या डीलवर पहिला हक्क आमचाच असं कंपनीचं म्हणणं होतं, मुंबई हायकोर्टातून प्रकरण वर गेलं आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की करार संपल्यावर हे बंधन चालणार नाही. आता याच्या उलट दुसरे मालक असतात, इथे जन्मलेले किंवा खूप वर्षं राहिलेले, ते म्हणतात सही केलीय ना त्यानं, मग अडकवू. तेही बरोबर नाही. इंग्लंडात गाडी मध्ये कुठेतरी आहे. बंधन सुरुवातीला बेकायदाच धरतात, आणि ते वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर.

हे तत्त्व १८९४ पासून चालत आलंय, नॉर्डेनफेल्ट नावाच्या तोफा बनवणाऱ्या माणसाच्या केसपासून. त्यानं आपला धंदा विकला आणि २५ वर्षं जगभरात कुठेही तसला धंदा करणार नाही असं लिहून दिलं, आणि हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, ते मान्य केलं, कारण विकत घेणाऱ्यानं त्याच धंद्याचे पैसे मोजले होते. नोकराच्या बाबतीत कोर्ट इतकं उदार कधीच नसतं. १९१३ मध्ये कपड्यांच्या कंपनीच्या एका कॅन्व्हासरवर, म्हणजे दारोदार फिरून गिऱ्हाईकं मिळवणाऱ्या माणसावर, लंडनपासून २५ मैलांत ३ वर्षं तसलं काम करायचं नाही असं बंधन होतं, तो बिचारा काम करत होता लंडनच्या एका भागात, तर लॉर्ड्सनी ते उडवून लावलं. नोकरी सोडून गेलेला माणूस स्पर्धा करणार म्हणून त्याला रोखता येत नाही, हे १९१६ च्या हर्बर्ट मॉरिस केसनं पक्कं केलं. रोखायचं असेल तर तुमची काहीतरी खरी वस्तू धोक्यात पाहिजे, म्हणजे गिऱ्हाइकांशी जमलेले संबंध, गोपनीय माहिती, किंवा तुमची टीम.

म्हणून पहिलं काम, आणि हे माणूस जायच्या कितीतरी आधीचं, कलम नीट लिहायचं. इंटरनेटवरून उचललेला करार सगळ्यांना एकच देऊ नका, रिसेप्शनवरच्या मुलीला आणि सेल्स हेडला एकच १२ महिन्यांचं कलम दिलेलं मी पाहिलंय आणि त्यानं दोघांचंही कलम कमजोर दिसतं. साधारण चार प्रकार असतात. नॉन-कम्पीट म्हणजे स्पर्धकाकडे जायचंच नाही, हे सगळ्यात कडक आणि टिकवायला सगळ्यात अवघड. नॉन-सॉलिसिट म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला स्वतःहून गाठायचं नाही. नॉन-डीलिंग म्हणजे गिऱ्हाईक आपणहून आलं तरी काम घ्यायचं नाही. आणि नॉन-पोच म्हणजे आपली माणसं पळवायची नाहीत, यात ज्येष्ठ आणि महत्त्वाची माणसंच धरा, सगळा स्टाफ लिहिला की चहा देणाऱ्यापर्यंत जातं आणि कोर्ट मानत नाही.

माझं प्रामाणिक मत, छोट्या कंपनीनं नॉन-कम्पीटच्या मागे लागण्यापेक्षा नॉन-डीलिंग चांगलं लिहावं. कारण नॉन-सॉलिसिटमध्ये कुणी कुणाला आधी फोन केला हे सिद्ध करता करता दमछाक होते, गिऱ्हाईक म्हणतं मीच केला होता फोन, झालं, विषय संपला. नॉन-डीलिंगमध्ये तो प्रश्नच येत नाही, बिल फाटलं की नाही एवढंच बघायचं.

मराठीत सांगायचं तर मजकूर साधारण असा असतो: नोकरी सुटल्यापासून ६ महिने, ज्या गिऱ्हाइकाशी सुटायच्या आधीच्या १२ महिन्यांत तू स्वतः कामानिमित्त संबंध ठेवलास, त्याच्याकडून तू इथे करत होतास तसलं काम घ्यायचं नाही. आता यातला एकेक शब्द बघा. "तू स्वतः" काढून "कंपनीचं कुठलंही गिऱ्हाईक" लिहिलं की ज्याचं नावही त्यानं ऐकलं नाही तेही आत आलं, म्हणजे कलम गेलं. "आधीच्या १२ महिन्यांत" नसेल तर आठ वर्षांपूर्वी एकदा भेटलेला माणूस आत आला. "तसलं काम" नसेल तर उद्या त्यानं त्या गिऱ्हाइकाला वडापाव विकला तरी भंग. आणि ६ महिनेच का, याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे, उदाहरणार्थ तुमचे करार वर्षातून दोनदा रिन्यू होतात, किंवा नवीन माणसाला ती गिऱ्हाईकं हातात घ्यायला तेवढा वेळ लागतो. हे उत्तर कलम लिहितानाच एका कागदावर लिहून फाईलला लावा, तीन वर्षांनी साक्षीत ते सोन्यासारखं कामी येतं. किती महिने चालतात याचा ठरलेला आकडा नाही, पण साध्या सेल्सच्या माणसाला ६ च्या पुढे जाताना हात आखडता घ्या.

शब्द थोडे सैल असले तर कोर्ट समजून घेतं का? कधी कधी. १९७० ची दूधवाल्याची केस मला फार आवडते. होम काउंटीज डेअरीज नावाच्या कंपनीच्या दूधवाल्याच्या करारात होतं की सोडल्यावर वर्षभर, शेवटच्या ६ महिन्यांतल्या गिऱ्हाइकांना दूध किंवा दुग्धजन्य पदार्थ विकायचे नाहीत. पठ्ठ्यानं नोकरी सोडली आणि दुसऱ्या डेअरीकडून त्याच घरांना दूध टाकायला लागला. त्याचा वकील म्हणाला, हे कलम अक्षरशः वाचलं तर हा माणूस किराणा दुकानात लोणी-चीजही विकू शकणार नाही, म्हणजे कलम अतिरेकी, म्हणजे रद्द. कोर्ट ऑफ अपीलनं सांगितलं की दोघांच्या डोक्यात दूध टाकायचा धंदा होता हे उघड आहे, तेवढाच अर्थ घ्यायचा, आणि कलम टिकलं. पण यावर विसंबून राहू नका, कारण कोर्ट तुमच्यासाठी नवीन कलम लिहून देत नाही. फार तर निळ्या पेन्सिलीनं काही शब्द खोडतं, आणि तेही खोडल्यावर उरलेलं वाक्य नीट चालत असेल आणि एकूण बंधनांचा परिणाम फारसा बदलत नसेल तरच. २०१९ च्या टिलमन विरुद्ध एगॉन झेंडर केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं हेच केलं. ६ महिन्यांच्या नॉन-कम्पीटमध्ये स्पर्धक कंपनीत हितसंबंध असायला मनाई होती, म्हणजे अक्षरशः एक शेअर घेतला तरी भंग, तर कोर्टानं तेवढे शब्द उडवले आणि बाकीचं ठेवलं. कंपनी जिंकली, पण टिलमनबाईंनी नोकरी सोडली होती २०१७ च्या जानेवारीत, ते ६ महिने केव्हाच संपून गेले होते, आणि वर न्यायमूर्तींनी असल्या सैल शब्दांना कायदेशीर कचरा म्हणून खर्चाच्या बाबतीत कंपनीला चटका बसू शकतो असंही सुचवलं.

आणखी एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात: कलम वाजवी आहे का हे सही केली त्या दिवशीच्या परिस्थितीवरून बघतात. पोरगा ज्युनिअर म्हणून लागला, तेव्हा १२ महिन्यांचं नॉन-कम्पीट टाकलं, पुढे तो डायरेक्टर झाला, तरी जुनं कलम ज्युनिअरच्या मापानंच मोजणार. २०१२ च्या पॅटसिस्टिम्स केसमध्ये असंच होऊन कलम पडलं. म्हणून बढती दिली की नवीन करार, नवीन सही. आणि चालू नोकरीत नवीन बंधन घालताना बदल्यात काहीतरी खरं द्या, पगारवाढ, बोनस, काहीही, पण पत्रात स्पष्ट लिहा की हे या बंधनांच्या बदल्यात आहे. नुसतं "नोकरी चालू ठेवतोय हेच बदल्यात" असं म्हणून भागेलच असं नाही, २०१४ मध्ये एक कंपनी यातच हरली. आणि सही! सही केलेली प्रत कुठे आहे ते आज जाऊन बघा.

आता राजीनामा आलाय. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पश्चिम लंडनच्या बाजूला एका रिक्रूटमेंट कंपनीत मी होतो, त्यांच्या सगळ्यात चांगल्या कन्सल्टंटनं गुरुवारी दुपारी राजीनामा दिला, ३ महिन्यांची नोटीस. डायरेक्टर इतके भडकले की मी खाली येईपर्यंत त्याचा पास काढून घेतला होता आणि तो जिन्यात उभा होता, एका हातात कोट आणि दुसऱ्या हातात टेबलावरचं छोटं कॅक्टसचं रोप. नोटीसचे पैसे नाहीत, गेल्या महिन्याचं कमिशनही थांबवलं, म्हणे आधी वागणूक बघू. तीन आठवड्यांनी तो आमच्याच क्लायंटना फोन करायला लागला. सॉलिसिटरकडे गेलो, कलमं सुंदर होती, पण बाईंचा पहिलाच प्रश्न होता, त्याला नोटीसचे पैसे दिलेत का? आणि आमच्या करारात नोटीसऐवजी पैसे देऊन लगेच सोडायचं कलमही नव्हतं. १९०९ च्या जनरल बिलपोस्टिंग केसपासून नियम असा की मालकानं करार मुळातूनच मोडला आणि नोकरानं तो संपला असं धरलं, तर नोकर बंधनांतून मोकळा. "नोकरी कशीही सुटली तरी बंधनं लागू" असं करारात लिहूनही यातून वाचता येत नाही. आम्ही शेवटी नोटीसचे आणि कमिशनचे पैसे दिले आणि त्याला बंधनं पाळ म्हणून सांगणारं वकिली पत्र पाठवलंच नाही.

तर राजीनामा आला की काहीही बोलायच्या आधी करार उघडा. नोटीस किती, पैसे देऊन मोकळं करायचं कलम आहे का, गार्डन लीव्हचं कलम आहे का. गार्डन लीव्ह म्हणजे पगार पूर्ण द्यायचा पण घरी बसवायचं, आणि माझ्या मते हे सगळ्यात खात्रीचं हत्यार आहे, कारण तो अजून तुमचा नोकर असतो, निष्ठेचं बंधन पूर्ण लागू, स्पर्धकाकडे एक दिवस काम केलं तरी भंग. पण करारात तसं लिहिलेलं पाहिजे, नाहीतर ज्याचं कौशल्य रोजच्या कामावर टिकून आहे त्याला तुम्ही बसवून ठेवू शकत नाही, १९९८ च्या विल्यम हिल केसमध्ये कंपनी इथेच अडकली. आणि गार्डन लीव्हचे महिने नंतरच्या बंधनातून वजा होतील असं कलमात लिहा, त्यानं कलम वाजवी दिसतं.

मग लॅपटॉप. परत आला की कपाटात बंद, कुणीही चालू करायचा नाही, पुढच्या माणसाला पुसून द्यायचा तर अजिबात नाही. आपला आयटीवाला हौसेनं फाईली उघडून बघतो आणि प्रत्येक फाईलची तारीख बदलते, पुराव्याचं वाटोळं. फॉरेन्सिकवाल्याकडून कॉपी करून घ्या. कंपनीच्या मेल सर्व्हरवर शेवटच्या महिन्यातलं बघा, स्वतःच्या पर्सनल मेलला काय पाठवलं, रविवारी रात्री किती फाईली डाऊनलोड झाल्या, क्लायंट लिस्ट कधी प्रिंट झाली. पण त्याचा पर्सनल मेल लॉगिन राहिलेला दिसला तरी उघडू नका, १९९० चा कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट आहे, फिर्यादीचा आरोपी व्हाल. लिंक्डइनही बघा, २००८ मध्ये एका मोठ्या रिक्रूटमेंट कंपनीनं जुन्या माणसाकडून लिंक्डइनवर चढवलेल्या क्लायंट संपर्कांची कागदपत्रं कोर्टातून मागवून घेतली होती. जाताना त्याच्या हातात एक सभ्य पत्र द्या, तुझ्यावर ही ही बंधनं आहेत, अमुक तारखेपर्यंत, सोबत प्रत. धमकी नको. आणि हे लक्षात ठेवा की नोकरीत असताना पुढच्या धंद्याची तयारी करणं, कंपनी रजिस्टर करणं, जागा बघणं, हे आपोआप भंग होत नाही, गिऱ्हाईकं वळवणं आणि माहिती उचलणं हा भंग.

भंग झाल्याचं कळलं की मग मात्र दिवस मोजायचे. इथे उशीर म्हणजे आत्महत्या. कोर्टात पहिला प्रश्न असतो, कधी कळलं आणि तेव्हापासून काय केलंत, आणि दोन महिने नुसती पत्रापत्री केली असेल तर न्यायाधीश म्हणणार इतकं तातडीचं नव्हतं वाटतं. काही दिवसांत सॉलिसिटरचं पत्र जायला हवं. त्यात कुठलं कलम, काय पुरावा, आणि सोबत एक तयार अंडरटेकिंग, म्हणजे लेखी हमी की मी अमुक तारखेपर्यंत हे करणार नाही, घेतलेली माहिती परत देतो, सही करून दोन-चार दिवसांत पाठव. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात आणि मिटवावीत, कारण पुढचा खर्च सहज पाच आकडी पाउंडात जातो.

दुसरं पत्र नवीन मालकाला, सोबत कलमाची प्रत, म्हणजे उद्या तो आम्हाला माहीत नव्हतं म्हणू शकणार नाही, कारण माहीत असून भंग करायला लावणं हा स्वतंत्र गुन्हा नसला तरी भरपाईचा दावा होतो. पण २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं डेव्हिड ॲलन केसमध्ये सांगितलंय की नवीन मालकानं प्रामाणिकपणे वकिलाला विचारलं आणि वकील म्हणाला ही कलमं बहुधा टिकणार नाहीत, आणि त्या भरवशावर त्यानं माणूस घेतला, तर नंतर सल्ला चुकीचा निघाला तरी तो अडकत नाही. म्हणजे फिरून गोष्ट कलम किती स्वच्छ लिहिलंय तिथेच येते, त्याचा वकील कलम वाचून काय सांगेल यावर तुमचं पत्र चालतं.

नाहीच ऐकलं तर हायकोर्टात अंतरिम इंजंक्शन, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम. १९७५ च्या अमेरिकन सायनामिड केसची कसोटी लावतात, गंभीर मुद्दा आहे का, नंतर पैशानं भरपाई होईल का, आणि कुणाची जास्त गैरसोय. पण ६ महिन्यांचं बंधन असेल आणि खटला त्याआधी संपणार नसेल तर कोर्ट तुमची केस मुळात किती मजबूत आहे हेही बघतं, कारण अंतरिम हुकूम हाच निकाल होऊन बसतो. म्हणून बरेचदा लवकर सुनावणी लावून देतात. तुम्हालाही कोर्टाला हमी द्यावी लागते, की उद्या मी हरलो तर या हुकुमामुळे त्याचं झालेलं नुकसान भरून देईन, तेव्हा त्याचा सहा महिन्यांचा पगार तुमच्या हिशोबात धरा. समोरच्याला न कळवता अर्ज करायचा मोह टाळा, तसं केलं तर आपल्या विरोधातल्या गोष्टीही आपणच कोर्टाला सांगायच्या असतात, आणि एक लपवली तरी हुकूम रद्द होऊ शकतो. पैशाच्या दाव्याची फार आशा धरू नका, २०१८ च्या वन स्टेप केसनंतर साधारणपणे प्रत्यक्ष तोटाच दाखवावा लागतो, आणि ते गिऱ्हाईक याच्यामुळेच गेलं हे दाखवणं कठीण.

करारात कलमच नसेल तर? मग हात बरेच बांधलेले. १९८६ ची फॅसेंडा चिकनची केस वाचा, व्हॅनमधून ताजं चिकन विकायच्या धंद्यातला सेल्स मॅनेजर बाहेर पडला, त्याच रूटवर स्वतःचा धंदा काढला, कंपनीची माणसंही त्याच्याकडे गेली, आणि करारात बंधन नव्हतं म्हणून कंपनी म्हणाली आमचे भाव, रूट, गिऱ्हाईकं ही गोपनीय माहिती आहे. कोर्ट म्हणालं डोक्यात राहिलेली रोजची माहिती त्याचीच, खरं ट्रेड सिक्रेट असेल तरच नोकरीनंतर अडवता येतं. मात्र डोक्यातलं वेगळं आणि उचलून नेलेलं वेगळं. १९८७ च्या रॉजर बुलिव्हंट केसमध्ये गिऱ्हाइकांचं कार्ड इंडेक्स नेलं होतं, तिथे कोर्टानं स्प्रिंगबोर्ड इंजंक्शनचा विचार केला, म्हणजे चोरलेल्या माहितीनं मिळालेली उडी संपेपर्यंत रोखायचं. शिवाय लोकांची वैयक्तिक माहिती कंपनीच्या परवानगीशिवाय मुद्दाम नेली तर २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन ॲक्टचं कलम १७० लागतं, आणि तो गुन्हा आहे.

नॉन-कम्पीट लिहिणार असाल तर एक लक्ष ठेवा, २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं त्यावर ३ महिन्यांची मर्यादा आणायची घोषणा केली होती, तेव्हा तो कायदा झाला नाही, पण विषय संपलेला नाही, तेव्हा नवीन करार छापायच्या आधी त्या महिन्याची स्थिती विचारून घ्या.

आणि अंडरटेकिंग आली की फाईल बंद करून बसू नका. शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच दिवशी त्याच्या गिऱ्हाइकांची यादी काढा, दहा असतील, पंधरा असतील, आणि नव्या माणसाला घेऊन प्रत्येकाच्या ऑफिसात जा, मेल नको, प्रत्यक्ष जा. त्या कन्सल्टंटच्या वेळी आमच्याकडे कागद नव्हता, पण डायरेक्टर स्वतः सोमवारी सकाळी गाडी काढून निघाले, स्लाउ, रेडिंग, बेसिंगस्टोक, प्रत्येक ठिकाणी आधी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली आणि मग नव्या मुलीची ओळख करून दिली, आणि अकरापैकी सात क्लायंट आमच्याकडेच राहिले.